लगोरीचा सातवा दगड

संगे, तुझ्या तेराव्याला मी जेवले नाही. पान वाढलं होतं, बुंदी वाढली होती, आणि माझ्या शेजारी बसलेली तुझी कोण ती चुलत नणंद म्हणाली, "लई सोसलं बिचारीनं." तुला बिचारी म्हणाली! माझा घास हातातच राहिला. मी म्हटलं, "कोण बिचारी? संगी? अहो, कंपनीच्या गेटवरची तिची नाष्ट्याची गाडी उचलायला माणसं आली होती, तर हातात झारा घेऊन उभी राहिली होती ती. गाडी अजून तिथंच आहे. तिला बिचारी म्हणता, मग आम्हाला काय म्हणाल?" कुणीतरी म्हणालं, दुःखात आहे, बोलू द्या तिला. मी उठून हात धुतले आणि तुझ्या स्वयंपाकघरात गेले.

पाणी प्यायला गेले होते. ओट्याच्या कोपऱ्यात तुझी लोणच्याची बरणी दिसली आणि तिच्या झाकणावर वजनाला ठेवलेला तो चपटा दगड. तेलानं काळा झालेला. का कोण जाणे, मी तो उचलून उलटा केला. खालच्या बाजूला लाल रंग तसाच होता. पदरानं पुसून पुन्हा बघितला गं. चाळीस वर्षं मी तुझ्या घरी येते, त्या बरणीतलं लोणचं खाते, आणि तू एका शब्दानं बोलली नाहीस! दगड पिशवीत टाकला आणि कुणाला न विचारता गारखेड्याला माझ्या घरी निघून आले. चोरला म्हण हवं तर. तू तरी तो कुठं विचारून नेला होतास?

तुला माहीत असलेलंच आता तुला सांगते. आपल्या दोघींशिवाय हे धरून ठेवणारं कुणी नव्हतं, आणि तू गेल्यावर मला ते एकटीला पेलत नाही.

आपली वस्ती चिकलठाण्याच्या एमआयडीसीच्या पाठीमागं. पुढं कारखान्यांची लांबच लांब भिंत, मागं सुखना नदी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात आपण. माझे वडील लासूर स्टेशनकडची शेती भावावर सोडून कंपनीत लागले होते. तुमची माणसं दरसाल मेंढरं घेऊन नदीच्या वळणावर उतरायची आणि एका वर्षी उठलीच नाहीत. तुझा बाप कंपनीत माल भरायच्या कामाला लागला, मेंढरांतली चार-दोन राहिली, बाकीची विकली. आपण दोघी एकाच बाकावर बसायचो आणि शाळा सुटली की दप्तरं फेकून नदीवर पळायचो. माझी आई म्हणायची, "ती धनगराची पोरगी हिला पार रानटी करून सोडणार." सोडलंस की नाही?

काय काय होतं त्या काठावर! भिंतीपलीकडून फेकलेले बेअरिंगचे छर्रे आपल्या गोट्या होत्या, रबरी वायसर आपल्या बांगड्या. कारखान्याच्या पायपातून कोमट पाणी यायचं, थंडीत आपण त्याच्या तोंडाशी पाय सोडून बसायचो. वरच्या अंगाला पाणी अजून चांगलं होतं, तिथं दगडाखाली खेकडे असायचे. तू हात घालायचीस, मी नुसती ओरडायचे. एकदा खेकड्यानं तुझं बोट धरलं तर तू रडायच्या ऐवजी त्यालाच शिव्या घातल्यास. त्या शिव्या मी आजसुद्धा गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजचं माप चुकलं की मनातल्या मनात वापरते.

आणि लगोरी. दुसरा कुठला खेळ आपल्याला रुचलाच नाही. आपले चपटे दगड काठावरच्या दगडांत सारखे हरवायचे, म्हणून तू भिंतीमागं फेकलेला रेड ऑक्साईडचा डबा शोधून आणलास. तळाशी थोडा रंग उरला होता. काडीला चिंधी बांधून आपण सातही दगड रंगवले. हात आठवडाभर लाल होते, तुझ्या आईनं रॉकेलनं घासले. चेंडू माझ्या वडिलांचा. म्हणजे मशीन पुसायचं कॉटन वेस्ट ते खिशातून आणायचे, त्याचा गच्च बांधलेला गोळा. तेलानं माखलेला तो चेंडू ज्याला लागायचा त्याच्या पाठीवर काळा डाग उठायचा. त्यामुळं आपल्या डावात "लागला नाय" म्हणायची सोयच नव्हती. डाग दाखव, बाद हो, संपलं.

तरीसुद्धा तू म्हणालीस.

त्या संध्याकाळी तुझ्या बाजूनं लगोरी फोडली होती. तुझे सगळे गडी बाद, एकटी तू उरलेली. सहा दगड रचून झाले होते, सातवा तुझ्या मुठीत होता, तू वाकलीस आणि मी चेंडू हाणला. पाठीत लागला तुझ्या. धप्प आवाज आला. मी ओरडले, "लागला!" तू ओरडलीस, "लागला नाय!" अंगात शाळेचा निळा फ्रॉक, तोसुद्धा धुऊन धुऊन काळपट झालेला. त्याच्यावर डाग कुठं दिसणार? आपण एकमेकींच्या झिंज्या धरणार तेवढ्यात कंपनीचा भोंगा झाला. भोंगा झाला की तुझा बाप घरी येणार, आणि मेंढरं बांधलेली नसली तर तुझी धडगत नव्हती. तू तशीच पळालीस. मूठ आवळलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी गेलो तर बायका जमलेल्या. भिंतीला टेकून ओळीनं सात दगड मांडलेले, त्यांना हळद-कुंकू, पुढं फोडलेला नारळ. तुझी आई, आपली शेवंताकाकू, डोक्यावर पदर घेऊन हात जोडून उभी. म्हणाली, साती आसरा वर आल्या, नदीच्या देवता, लाल रंगानं माखूनच वर आल्या. सगळ्या बायकांनी पाया पडून घेतलं. मी तोंड उघडणार तर तू माझा दंड असा काही पिळलास की वळ उठला. त्यातले सहा आपले होते आणि सातवा कुणीतरी आणून ठेवलेला साधा दगड होता, त्याला रंगही नव्हता. एवढंसुद्धा कुणाला दिसेना. डावातल्या बाकीच्या पोरींनीही आयांचं बघून हात जोडले. बायकांची चूक झाली, एवढंच आपल्याला कळलं, आणि आपले दगड गेले.

मला ती चूक कधी पचली नाही. तुला ती लगेच आवडून गेली. तू म्हणायचीस, "सुमे, बघ तरी, त्या दिसापासून ट्रकवाले मलबा टाकायला दुसरीकडं जाऊ ऱ्हायले. पोरींना कुणी हाकलीत नाय. तुहं काय बिघडलं?" माझं बिघडलं होतं ते हे, की मला खोटं चालत नाही. आपण शाळेत असल्यापासून यावर भांडलो, माझ्या लग्नात भांडलो, शहागंजात बांगड्या भरताना भांडलो तेव्हा तो बांगडीवाला हात सोडून बसला. एका अवसेला, वस्तीतल्या सगळ्या बाया नैवेद्य घेऊन नदीवर आलेल्या असताना, मी सगळ्यांसमोर म्हणाले, "अहो, हे आमच्या लगोरीचे दगड आहेत!" कुणी हसलं, कुणी कानावर हात ठेवले. तू मला ओढत बाजूला नेलंस.

"खरं बोलून काय भेटंल तुला?" तू म्हणालीस. "उद्या ट्रक येतील."

"मग ट्रक अडव! दगडाला कशाला पुढं करतीस?"

"म्या अडवीन. पण म्या मेल्यावर?"

"मेल्यावरचं मेल्यावर," मी म्हटलं.

त्यानंतर बरेच महिने बोललो नाही. मग माझं शिवणाचं दुकान बसलं, मशीन विकायची वेळ आली, आणि तू एका सकाळी रिक्षातून उतरलीस. मागं तुझ्या नवऱ्याला घेऊन, आणि कुठून तरी मिळवलेलं जुनं पायमशीन घेऊन. आत ठेवलंस आणि म्हणालीस, "चहा टाक. आणि दगडाचा विषय काढलास तर मशीन परत नेईन." मी चहा टाकला. तुला धन्यवाद म्हणाले नाही, तशी पद्धत नव्हती आपल्यात. आज म्हणते. ऐकू येतंय का नाही, मला फिकीर नाही, मी म्हणते.

आणि हे पण ऐक. मला तुझा राग आलाय. दवाखान्यात मी तुझ्या उशाशी बसले होते तर तू माझ्याशी काय बोललीस? गाडीवरच्या कढईचा तळ घासून ठेवायला सांग म्हणालीस. बरणीवर सातवा दगड आहे, हे सांगायला काय झालं होतं? मला रडू येतं आणि रडता रडता तुला दोन धपाटे घालावेसे वाटतात. कुणाला घालू आता?

तर तुझं "मेल्यावर" आलंच, संगे. तेरावं झाल्या झाल्या आलं. नदीला लागून ज्यानं प्लॉट घेतलाय तो पांढऱ्या बुटांचा माणूस माझ्या दुकानात आला. बायको-बियको कुणी बरोबर नव्हती, ब्लाऊज शिवायचा नव्हता. खुर्चीवर बसला, गोड बोलला. वळणावर मुरूम टाकून काठ सपाट करायचा, ट्रक उभे करायला जागा करायची. वस्तीतल्या बाया आसरांपुढं आडव्या पडतात, जेसीबीवाला हात लावायला घाबरतो. "ताई, तुम्ही एवढ्या वस्तीत एकट्या खरं बोलणाऱ्या," तो म्हणाला. "तुम्हीच मागं सांगितलं होतं म्हणे, ते खेळायचे दगड आहेत. रविवारी या आणि एवढंच सांगा. तुम्हाला कुणी खोटं बोलायला सांगत नाही."

बघ कसा पेच! जन्मभर जे बोलायला मी तडफडत होते, तेच बोलायला मला बोलावणं आलं. खोटं बोलले तर मी माझी राहत नाही. खरं बोलले तर तुझी नदी जाते. आता लोक तिला नालाच म्हणतात, वास येतो, काळं पाणी, वर प्लॅस्टिक. पण ते वळण अजून आहे. अजून वस्तीतल्या पोरी तिथं खेळतात, कारण खेळायला दुसरी जागा कुणी ठेवलेलीच नाही. मी चार दिवस मशीनवर बसून नुसत्या उसवल्या शिवणी. मनात तुझ्याशी भांडले. तू काही बोलेनास, तेव्हा पहिल्यांदा मला पक्कं कळलं की तू नाहीस.

रविवारी गेले. पिशवीत दगड, आणि दुकानातल्या चिंध्यांचा गच्च बांधलेला चेंडू. तो का केला होता, मला तेव्हा सांगता आलं नसतं. बाया जमल्या होत्या, पुरुष जरा लांब उभे. रस्त्यावर जेसीबी उभा. शेवंताकाकू भिंतीशी बसली होती, आसरांच्या शेजारी, पाय पसरून. लेक गेल्यापासून ती कुणाशी बोलत नाही म्हणे. मी जाऊन पाया पडले तर माझ्या तोंडावरून नुसता हात फिरवला.

पांढरे बूट पुढं आले. "सांगा ताई. हे देव आहेत का?"

"नाहीत," मी म्हटलं. "लगोरीचे दगड आहेत. माझे आणि संगीचे. रेड ऑक्साईडनं रंगवलेले. यातले सहा आमचे, आणि हा सातवा." मी पिशवीतून काढून दाखवला.

एकदम गलका झाला. एक बाई मला म्हणाली, "जीभ झडंल तुही!" तो माणूस खूश. "ऐकलं का सगळ्यांनी? आता तरी?" असं म्हणून त्यानं जेसीबीवाल्याला हात केला.

तेवढ्यात शेवंताकाकू उठली. भिंतीला धरून, गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. माझ्या हातातला दगड घेतला, डोळ्यांजवळ नेला. "हा व्हय," ती म्हणाली. "कुठं व्हता हा?"

"संगीच्या बरणीवर."

"तरीच." मग ती बायांकडं वळली. "ही पोरगी खरं बोलू ऱ्हायली. सहाच व्हते. सातवा म्या ठिवला."

मी म्हटलं, "काकू, तुम्हाला माहीत होतं?"

"मला कामून म्हाईत नसंल? लेकीचे हात रॉकेलनं कुणी घासले? आन शेंदराला असा वास येतो व्हय? त्या दिसी सांजच्याला ट्रकवाला बोलला, उद्या इथं राख वतायची हाय, पोरींना आवर. कुणाला सांगू? संगीच्या बापाला? त्यो म्हणला असता गुमान बस. मंग सकाळी दगड वळीनं मांडले, एक कमी पडला त्यो नदीतून घेतला, आन कुकू लावलं. ट्रकवाला आला, पाया पडला, गेला."

चूक कुणाचीच झाली नव्हती, संगे. चाळीस वर्षं आपण दोघी ज्या चुकीवरून भांडलो, ती झालीच नव्हती. तुला हे माहीत होतं का गं? का तुझ्या आईनं तुझ्यापासूनही लपवलं आणि तू तिच्यापासून दगड लपवलास, एकाच घरात? मला आता कोण सांगणार?

पांढऱ्या बुटांनी घसा खाकरला. "म्हणजे देव नाही, हे म्हातारीनंच कबूल केलं."

काकूनं त्याच्याकडं असं बघितलं! "आसरा दगडात असती व्हय रं? पाण्यात असती. पाणी हाय ना तिथं? घाण केलं तुम्ही, पर हाय."

आणि माझ्या तोंडून सुटलं ते सुटलंच. "दादा, देव नाही म्हणायला तुम्ही मला बोलावलंत, मी म्हटलं. आता पुढचं ऐका. देवाची जागा असती तर तुम्ही शांत करून, पूजा घालून हलवली असती. ही खेळायची जागा आहे. आमच्या आधी हिच्यावर कुणी हक्क सांगितलेला नाही आणि आमचा डाव अजून संपलेला नाही. एक दगड राहिलाय."

"इथं? ह्या नाल्यात आता कोण खेळतं?" तो हसला.

"आम्ही," मी म्हटलं.

काकू खाली वाकली. तिनं पदरानं सहा दगडांचं कुंकू पुसलं, एकेक करून माझ्या हातात दिला. तिनं स्वतः नदीतून आणलेला दगड मात्र जागेवर ठेवला. "ह्यो राहू दे पुजंला. बाकीचे घ्या," म्हणाली. मी भिंतीपासून जरा पुढं, मोकळ्या जागेत ते रचायला लागले. बायका बघत होत्या. त्यातल्या कितीतरी आपल्या डावातल्या, संगे. केस पांढरे झालेत, गुडघे गेलेत, पण एकीनं पदर खोचला, मग दुसरीनं. जेसीबीवाला खाली उतरून बोनेटला टेकून उभा राहिला आणि तंबाखू मळायला लागला. पांढरे बूट त्याच्यावर ओरडले तर म्हणाला, "साहेब, बाया हटल्यावर सांगा."

चिंध्यांचा चेंडू काकूनं माझ्या पिशवीतून काढला. नदीपर्यंत गेली, त्या काळ्या पाण्यात बुडवला, पिळला. म्हणाली, "डाग उठाया पायजे." ऐंशीच्या घरातली बाई! लेक जाऊन तीन आठवडेही झाले नाहीत, आणि चेंडू पिळून उभी.

तो माणूस "बघून घेतो" म्हणून गाडीत बसला. परत येणार तो, मला माहीत आहे. कागद आणील, माणसं आणील. येऊ दे. देवाच्या आडून भांडायची पाळी आता आपल्यावर नाही. पुढच्या रविवारी पोरी येणार आहेत, त्याच्या पुढच्या रविवारीही. मी प्रत्येक रविवारी दुकान बंद ठेवणार आहे. गिऱ्हाइकांनी कटकट केली तर खेकड्याच्या शिव्या आहेतच.

सहा दगड रचून झाले. सातवा माझ्या मुठीत. त्याला अजून तुझ्या लोणच्याचा वास येत होता. मी वाकले. तुझ्या बाजूनं वाकले, संगे, जन्मात पहिल्यांदा. मागं काकू हात उगारून उभी आहे, हे मला दिसत होतं, पण मी पळाले नाही. दगड ठेवला. त्याच क्षणी पाठीत धप्प झालं, आणि गार पाणी ब्लाऊजमधून खाली उतरलं.

"लागला!" काकू ओरडली. सगळ्या बाया ओरडल्या, "लागला! लागला!" एकीनं माझी पाठ सगळ्यांकडं वळवली. फिक्या पिवळ्या ब्लाऊजवर, मीच शिवलेल्या, हाताएवढा काळा डाग.

मी कधी खोटं बोलत नाही, हे अख्ख्या वस्तीला माहीत आहे. मी सरळ उभी राहिले, सात दगडांकडं बोट दाखवलं आणि घसा फाटेपर्यंत ओरडले, "लगोरी! लागला नाय!"